वाऱ्याचा रोजनामा

महाबळेश्वरच्या पश्चिम अंगाला, जेथे सह्याद्रीचा सपाट माथा एकाएकी तुटतो आणि सावित्रीचे खोरे पायांखाली खोल उतरत कोकणाकडे निघून जाते, तेथे आर्थर सीट या नावाचे स्थान आहे. आणि तेथे येणारा प्रत्येक प्रवासी, मग तो कितीही पोक्त असो, कठड्यावरून एखादा कागदाचा कपटा खाली सोडून तो वाऱ्याने उचलून परत वर आणलेला पाहिल्याखेरीज माघारी फिरत नाही. खोऱ्यातून येऊन कड्यावर आदळणाऱ्या हवेला वर चढण्यावाचून दुसरी वाट नसते, आणि ती चढताना हलक्या वस्तू सोबत घेऊन येते, इतकाच या चमत्काराचा कार्यकारणभाव. पण जी डोळ्यांना दिसत नाही त्या हवेलाही वजन आहे, जोर आहे, आणि तिला अडवले की ती जाब विचारते, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या दहा पाठांनी पटणार नाही इतकी त्या एका कपट्याने पटते. मला तेथे उभे राहिले की एका घड्याळजीची आठवण होते. त्याने हे स्थळ पाहिले नव्हते, हिंदुस्थानात तो कधी आला नव्हता, आणि महाबळेश्वरला इंग्रजांची वसाहत झाली त्यापूर्वीच तो परलोकवासी झाला होता. तरीही ही आठवण अगदीच अस्थानी नाही.

आर्थर सीट हे नाव मुंबई इलाख्यातील मुलकी अंमलदार आर्थर मॅलेट यांच्यावरून पडले, असे वाटाडे सांगतात. परंतु याच नावाची एक टेकडी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिच्या ऐन कुशीत उभी आहे. उंची अवघी आठशे फुटांच्या वर थोडी, म्हणजे आपल्या साडेचार हजार फुटांच्या माथ्यापुढे ती उंबरठ्याएवढीच. मात्र दोन्हींचा दगड ज्वालामुखीच्या पोटातून आलेला. महाबळेश्वरावर स्कॉटिश नावांची एकंदरीतच चंगळ आहे. एल्फिन्स्टन पॉइंटचा एल्फिन्स्टन स्कॉटिश, आणि ज्याच्या नावाने पूर्वी या गावाला माल्कमपेठ म्हणत तो गव्हर्नर सर जॉन माल्कम हा डम्फ्रीसच्या डोंगराळ मुलखातला. त्याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह करून, वाईकडच्या खंडाळे गावाच्या मोबदल्यात ही जागा कंपनी सरकारकडे घेतली, आणि ती कशासाठी, तर आजारी गोऱ्या शिपायांना नि अंमलदारांना चांगली हवा मिळावी म्हणून. त्या काळच्या वैद्यकाची अशी दृढ समजूत होती की रोग दूषित हवेने होतात आणि शुद्ध हवेने जातात. ही समजूत पुढे खोटी ठरली. पण तिच्यापायी एक गिरिस्थान वसले, आणि त्याच्या अर्धशतक आधी, तिकडे लंडनमध्ये, एका नळीला बाक आला. तो बाक देणारा माणूस म्हणजे आमचा घड्याळजी, अलेक्झांडर कमिंग.

कमिंगचा जन्म १७३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतला, एडिंबरोचा; आणि उमेदवारी त्याच शहरात, एडवर्ड बर्टन या घड्याळजीच्या दुकानात. अठराव्या शतकातील स्कॉटलंड हा गरीब, थंड, पण शिकण्याची विलक्षण हाव असलेला मुलूख होता. त्याच मुलखात कमिंगच्या वीस-बावीस वर्षे आधी जन्मलेल्या जेम्स फर्ग्युसन नावाच्या एका मुलाने रात्री मेंढरे राखताना दोऱ्यात ओवलेले मणी हातभर अंतरावर धरून ताऱ्यांमधली अंतरे मोजली होती, आणि लाकडी चाकांचे घड्याळ स्वतःच्या हाताने चालते केले होते. पुढे तो ज्योतिषावरील व्याख्यानांनी नामांकित झाला व तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला सालीना पन्नास पौंडांची नेमणूक करून दिली. (पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी त्याचा काही संबंध नाही, तो फर्ग्युसन मुंबईचा गव्हर्नर, जातीने स्कॉटिश खरा, पण घड्याळांतला नव्हे.) सांगायचे इतकेच की, यंत्राचे वेड हे तिकडे केवळ कारागिराचे नव्हते, ते हवेतच होते.

उमेदवारी आटोपल्यावर कमिंग आणि त्याचा भाऊ जॉन हे आर्गाइलचे तिसरे ड्यूक यांच्या चाकरीत, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील इन्व्हरेरी येथे गेले. तेथे त्याच्याकडे दोन कामे होती, घड्याळ करणे आणि ऑर्गन करणे. आणि वाचकांस ही जोडी विजोड वाटेल, परंतु मला तरी कमिंगच्या साऱ्या पुढच्या आयुष्याची किल्ली तिच्यातच सापडते. भाता हलवून हवा पुरवणे हे ऑर्गनमधले हलके काम. खरी कारागिरी त्या हवेला कोंडून धरण्यात, आणि नेमक्या क्षणी नेमक्या नळीत सोडून पुन्हा बंद करण्यात. घड्याळाचेही तसेच. टांगलेले वजन आपोआप खाली येतेच. पिळलेली कमान आपोआप सुटतेच. त्यांना चालवायला घड्याळजी लागत नाही. घड्याळजी लागतो तो त्यांना थांबवायला.

घड्याळाच्या पाठीमागचे झाकण उघडून पाहिले असता शेवटच्या दातेरी चाकावर नांगरासारख्या आकाराचा एक तुकडा डावी-उजवीकडे झुलताना दिसतो. लंबक एका बाजूला गेला की त्या तुकड्याचे एक टोक चाकाचा एक दात सोडते आणि दुसरे टोक लगेच पुढचा दात धरते. म्हणून चाक फिरत नाही, ते एक-एक पाऊल अडखळत पुढे सरकते, आणि आपल्याला ऐकू येणारी टिकटिक म्हणजे त्या अडखळण्याचा आवाज. या योजनेला घड्याळजी एस्केपमेंट म्हणतात. हे तत्त्व आपल्या पूर्वजांस अपरिचित होते असे मुळीच नाही. लग्नाची घटका भरण्याकरिता पाण्याच्या घंगाळात जी बुडाला भोक असलेली वाटी तरंगत सोडतात, त्या घटिकापात्रातही वेळ मोजते ते पाणी नव्हे, भोक. पाण्याला आत शिरायचे असतेच. भोक त्याला घाई करू देत नाही. आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडाली की एक घटका झाली. अशा साठ घटकांचा एक दिवस. टोला देण्याच्या ज्या थाळीला फारसीवरून तास म्हणत, ती थाळी गेली नि तिचे नाव तेवढे मनगटापर्यंत येऊन पोहोचले, हा भाषेचा चमत्कार जाता जाता नोंदवण्यासारखा आहे.

१७६३ च्या सुमारास कमिंग लंडनमध्ये, बाँड स्ट्रीटवर, स्वतःच्या दुकानात बसलेला आढळतो. आणि त्याचा लौकिक इतका झाला होता की त्याच साली रेखांशाच्या सुप्रसिद्ध इनामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या पंचांत त्याचे नाव घातले गेले. हे प्रकरण असे: भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहोत हे कळण्यास दोन ठिकाणच्या वेळांतील अंतर कळावे लागते, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. महाबळेश्वर ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे पावणेचौऱ्याहत्तर अंशांवर आहे, म्हणून येथला सूर्य तिकडच्यापेक्षा जवळजवळ चार तास पंचावन्न मिनिटे आधी माथ्यावर येतो. आणि आपले प्रमाणवेळेचे घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले असल्यामुळे येथे खरी दुपार सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांनी होते. तेव्हा ग्रीनिचची वेळ डळमळत्या जहाजावर महिनोन्महिने जपणारे घड्याळ हाती असेल, तर रेखांशाचे कोडे सुटले. त्यासाठी पार्लमेंटने १७१४ साली वीस हजार पौंडांपर्यंतचे इनाम लावले होते, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यावर आपले आयुष्य वेचले होते. पंच आणि हॅरिसन यांची तक्रार, कैफियत, फेरतपासणी हा सारा इतिहास मोठा चुरशीचा आहे. पण तो हॅरिसनचा, कमिंगचा नव्हे.

कमिंगचा स्वतःचा ग्रंथ १७६६ साली निघाला. घड्याळे करण्याच्या विद्येची मूलतत्त्वे, प्रत्यक्ष कामास लागू करून, असा त्याचा विषय. म्हणजे नुसत्या गणितज्ञांसाठी नव्हे आणि नुसत्या हातकामाऱ्यांसाठीही नव्हे. लंबकाला बिघडवणाऱ्या गोष्टी किती बारीक असतात याची कल्पना येण्यास मुंबईत बिनचूक लावलेले एखादे लंबकाचे घड्याळ महाबळेश्वरास आणून टांगावे. डोंगरावर पृथ्वीची ओढ किंचित कमी, म्हणून ते दिवसाला दहा-पंधरा सेकंद मागे पडू लागेल. उलट येथल्या थंडीने लंबकाची दांडी आखूड होऊन, ती पोलादी असल्यास, दर दहा अंश सेल्सियसला दिवसामागे सुमारे पाच सेकंद पुढे जाईल. शिवाय चाकांचे तेल थंडीने घट्ट होते आणि लंबकाला मिळणारा धक्का कमी-अधिक होतो. या शेवटच्या दोषावर कमिंगने आणि त्याचा समकालीन टॉमस मज याने जवळजवळ एकाच सुमारास एक युक्ती काढली. चाकांनी लंबकाला थेट ढकलूच नये. त्यांनी फक्त एक लहानसा भारदस्त दांडा ठरावीक उंचीपर्यंत उचलून ठेवावा, आणि लंबकाला धक्का द्यायचा तो त्या दांड्याने स्वतःच्या वजनाने खाली येऊन द्यावा. चाके सुस्त असोत की जोमात असोत, दांडा पडणार तेवढ्याच उंचीवरून; धक्का तेवढाच. लंडनच्या बिग बेनचे घड्याळ एकोणिसाव्या शतकात बसले, त्यात याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे.

परंतु ज्या कृतीमुळे कमिंगचे नाव आर्थर सीटवर माझ्या मनात येते, ती या ग्रंथाच्या एक वर्ष आधीची. १७६५ साली त्याने तिसऱ्या जॉर्जसाठी हजार पौंडांहून अधिक किमतीचे एक घड्याळ तयार केले, आणि ते आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. ते वेळ दाखवीत असे हे सांगायलाच नको. पण त्याचे मुख्य काम निराळे होते. पेटीच्या आत पाऱ्याच्या नळ्यांचा वायुभारमापक. पाऱ्यावर तरंगणारा एक तुकडा. त्याच्याशी जोडलेली पेन्सिल. आणि पेन्सिलीखाली वर्षातून एक फेरा करणारी कागदी तबकडी. हवेचा दाब वाढला-घटला की पारा सरके, पाऱ्याबरोबर पेन्सिल सरके, आणि घड्याळ तबकडी फिरवीत राहिल्यामुळे प्रत्येक दिवसाची हवा आपल्या जागी आपली रेघ ओढून पुढे जाई. वर्ष संपले की राजाच्या हाती एक वर्तुळाकार वेडीवाकडी रेषा येत असे, म्हणजे साऱ्या वर्षाच्या वाऱ्याचा रोजनामा, वाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला. हवामान आपोआप नोंदणाऱ्या यंत्राचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी रॉबर्ट हूक आणि क्रिस्टोफर रेन यांनी केला होता. परंतु राजवाड्यात बसून बिनतक्रार काम करील असे यंत्र कमिंगच्या हातून उतरले.

असेच दुसरे यंत्र त्याने स्वतःसाठी केले होते. त्याच्या मृत्यूनंतर ते ल्यूक हॉवर्ड या गृहस्थाकडे गेले. हॉवर्ड हा औषधी रसायनांचा कारखानदार. ढगांना आज जगभर चालणारी लॅटिन नावे त्यानेच १८०२ साली दिली. कमिंगच्या यंत्राने लंडनच्या हवेच्या वर्षानुवर्षे ओढलेल्या वर्तुळांवर त्याने १८४७ साली एक ग्रंथच छापला. त्या वर्तुळांतून नियम काढणे मोठे कष्टाचे, कारण लंडनची हवा अत्यंत लहरी. वादळ येईल तशी रेघ आत-बाहेर भरकटायची.

दख्खनच्या हवेचे तसे नाही, आणि हे त्या यंत्राच्या कर्त्याला कळते तर त्याला केवढे कौतुक वाटले असते. १८३५ साली कर्नल साइक्स या मुंबई सरकारच्या अंमलदाराने दख्खनच्या हवेच्या भरती-ओहोटीवरील आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. हवेला भरती-ओहोटी! आपल्याकडे वायुभार दररोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी नऊ-दहाच्या आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. हा चढउतार पाऱ्याच्या नळीत इंचाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, क्वचित त्याहूनही कमी. समुद्राच्या पातळीवर पारा तीस इंचांच्या आसपास असतो, तर महाबळेश्वरास सुमारे साडेपंचवीस. पण चढण्या-उतरण्याच्या वेळा दोन्हीकडे सारख्याच पाळल्या जातात. म्हणजे घड्याळ नसलेल्या माणसानेही नुसत्या वायुभारमापकाकडे पाहून दिवसाची वेळ अदमासाने सांगावी, इतकी येथली हवा शिस्तीची. कमिंगने हवेवर नजर ठेवण्यासाठी घड्याळ केले. आमच्या मुलखात हवा स्वतःच घड्याळ आहे. मात्र आषाढात घाटमाथ्यावर पावसाची झड लागली, आणि वर्षाकाठी दोनशे-अडीचशे इंच पाऊस अंगावर घेणाऱ्या या गावातल्या घरांना गवताच्या झडी बांधल्या गेल्या, म्हणजे अशा बारीक गोष्टी पाहत बसण्याची फुरसत कोणाला असते!

कमिंगच्या बाकीच्या उद्योगांपैकी एकाचा उल्लेख करून पुढे जातो: जॉन हिल या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी त्याने लाकडाचे अत्यंत पातळ काप काढणारे यंत्र केले, आणि त्या कापांवरून हिलने १७७० साली लाकडाच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. दुसऱ्यापाशी मात्र थोडे थांबणे भाग आहे, कारण तो आमच्या घाटांच्या पोटातला विषय. म्हातारपणी कमिंगने गाड्यांच्या चाकांवर सरकारदरबारी बरेच लिहिले. त्या काळी इंग्लंडात अवजड गाड्यांना रुंद धावेची चाके असत. ती रस्ता दाबून सपाट करतील म्हणून जकातीत त्यांना सवलतही होती. पण गाडीवान त्या धावेला बाहेरच्या अंगाने उतार देत, म्हणजे चाक पिंपासारखे सरळ न राहता पुडीसारखे निमुळते होई. कमिंग म्हणाला, निमुळती वस्तू जमिनीवर सोडून पाहा, ती सरळ जात नाही, टोकाभोवती गोल फिरते. तिला जबरदस्तीने सरळ ओढली, तर रुंद काठ मागे घसरतो आणि अरुंद काठ पुढे फरफटला जातो. म्हणजे चाक रस्त्यावरून चालत नाही, रस्ता दळते. त्याने लहान प्रतिकृती करून हे दाखवले. पसरणीच्या घाटात खालून वर येताना जांभ्या दगडाच्या तांबड्या भुकटीने ज्याचे कपडे माखले आहेत, त्याला हा युक्तिवाद पटण्यास प्रतिकृतीची गरज नाही.

आता तो बाक. १७७५ साली कमिंगने राजाकडून एका शौचकूपाची सनद मिळवली, ज्याला आज पेटंट म्हणतात. पाण्याच्या लोटाने साफ होणारे शौचकूप ही कल्पना नवी नव्हती. एलिझाबेथ राणीच्या काळी सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये तसे एक वर्णिलेले आहे. पण त्याच्या नळीला बाक नव्हता, आणि ज्या वाटेने मैला खाली जाई त्याच वाटेने दुर्गंधी वर येई. दूषित हवा हीच रोगाचे मूळ असे मानणाऱ्या समाजाला हे यंत्र नको वाटले तर त्यात नवल काय? कमिंगने खाली जाणाऱ्या नळीला रोमन एस अक्षराचा बाक दिला. नळी खाली जाते, पुन्हा थोडी वर येते, मग खाली उतरते. आणि त्या खालच्या वळणात दर खेपेचे थोडे पाणी अडकून राहते. मैला पाण्यातून ढकलला जाऊन पलीकडे पडतो, हवेला मात्र पाणी ओलांडून अलीकडे येता येत नाही. या बाकात झिजणारा भाग नाही, कमान नाही, किल्ली द्यावी लागत नाही. ओंजळभर उभे पाणी रात्रंदिवस पहाऱ्यावर आहे. कमिंगला स्वतःला एवढ्याने पुरेसे वाटले नव्हते. भांड्याच्या तळाशी त्याने एक सरकती झडपही बसवली होती, आणि तीच त्याच्या यंत्रातली कच्ची बाजू निघाली. तीनच वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ ब्रामा नावाच्या सुतारकाम करणाऱ्या कारागिराने बिजागरीची झडप घालून आपली सनद घेतली आणि बाजार मारला. झडपा पुढे सगळ्याच गेल्या. बाक राहिला.

आपल्या घरांत तो वेगळ्या नावाने राहिला, आणि त्या नावाचा मला थोडा अभिमान आहे. न्हाणीघराच्या फरशीत सांडपाणी जाण्यासाठी जाळीखाली जी वाडग्यासारखी बसकी रचना पुरतात, तिला भारतभरचे गवंडी, प्लंबर आणि स्थापत्यशास्त्राची पुस्तके ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. मराठी न्हाणी आणि इंग्रजी ट्रॅप यांचा हा जोडविवाह कोणी लावला ते लग्न लावणाऱ्यालाच ठाऊक. परंतु तत्त्व तेच, अडवलेल्या पाण्याने हवा अडवण्याचे.

कमिंग पुढे धंद्यातून निवृत्त होऊन लंडनच्या उत्तरेस पेंटनव्हिल येथे राहिला. भावाच्या साथीने त्याने तेथे घरे उठवली, आणि त्या भागातली कमिंग स्ट्रीट आजही त्यांचे नाव चालवते. १७८३ साली एडिंबरोची रॉयल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत तो होता. १८१२ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्याने लॉर्ड ब्यूटसाठी पूर्वी केलेल्या यांत्रिक ऑर्गनवर एक पुस्तिका लिहिली, म्हणजे शेवटीही तो इन्व्हरेरीच्या हवेकडेच परतला. आणि १८१४ च्या मार्च महिन्यात तो वारला.

गेल्या खेपेस आम्ही महाबळेश्वरी ज्या बंगल्यात उतरलो, तो बरेच महिने बंद होता. दार उघडताच आतून असा दर्प आला की मंडळी पडवीतच थबकली, आणि आमच्यातले एक गृहस्थ गटार तुंबले, भंगी बोलवा, भाडे परत मागा, इथपर्यंत पोहोचले. रखवालदार म्हातारा मात्र काही न बोलता मागच्या अंगाला गेला, हौदातून तांब्या भरून घेतला, न्हाणीच्या जाळीवर तो सावकाश ओतला, आणखी एक ओतला, आणि खिडकी उघडत म्हणाला, ‘‘काय न्हाई साहेब, खालचं पाणी आटलं व्हतं.’’